रविवारच्या रेसआधी रिमोट कंट्रोलच्या ट्रकचं काय काय बघायचं

दर वेळी नवीन पोरं मैदानावर येतात आणि हीटला, म्हणजे आपल्या गटाच्या शर्यतीला, दहा मिनिटं राहिली की विचारतात, दादा गाडी एका बाजूला का ओढतेय, आणि तेव्हा माझ्या हातात माझी स्वतःचीच गाडी उघडी असते. म्हणून या वेळी आधीच लिहून ठेवतोय. मी ट्रॅक्सस कंपनीची स्लॅश पळवतो, खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची टू-व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक, २००८ साली आली आणि तेव्हापासून अर्धी दुनिया हीच घेऊन शिकली, त्यामुळे खालचं सगळं तिच्या हिशोबाने आहे, पण स्टेडियम ट्रक किंवा फोर बाय फोर असली तरी नव्वद टक्के गोष्टी त्याच.

पहिलं म्हणजे शनिवारी रात्री सुरू करू नका, गुरुवारी करा. कारण साधं आहे, शनिवारी रात्री अकराला एक बेअरिंग गेलेलं सापडलं तर ते कुठून आणणार, आपल्याकडे हॉबीची दुकानं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, बाकी सगळं कुरिअरने. गुरुवारी सापडलं तर निदान कोणाला तरी फोन करून मागता येतं.

बॉडी काढा, बॅटरी काढा, चाकं काढा. मग रंगाचा एक इंची ब्रश आणि जुना टूथब्रश घेऊन कोरडीच साफ करा. पाणी मारायचा मोह होतो, विशेषतः पावसाळ्यानंतर काळी माती आर्म्सवर (चाकं धरणाऱ्या दांड्यांवर) सिमेंटसारखी बसलेली असते तेव्हा, पण पाणी बेअरिंगमध्ये आणि मोटरमध्ये जातं आणि दोन दिवसांनी गंज दिसतो. काळी माती पूर्ण वाळू द्या, आपोआप पापडासारखी सुटते. मुरुमाची धूळ वेगळी, ती बारीक असते आणि आतपर्यंत घुसते, त्याला हवा मारावी लागते, पंक्चरवाल्याकडे गेलात तर तो हसतो पण मारून देतो. हवा बेअरिंगवर सरळ मारू नका, धूळ आत ढकलली जाते.

साफ करता करताच गाडी कळते हे मात्र खरं. आर्मला तडा गेलाय का, शॉक ॲब्सॉर्बरचा खालचा बॉल निघायला आलाय का, कुठली वायर घासून तांबं दिसतंय का, हे सगळं ब्रश फिरवतानाच दिसतं. प्रत्येक चाकाचा हब हातात धरून हलवा, जरा खुळखुळलं तर चालतं, फारच खुळखुळलं तर बेअरिंग किंवा हिंज पिन (आर्म ज्यावर वरखाली फिरतो ती) बघा. बेअरिंग काढून बोटावर फिरवा, गुळगुळीत फिरलं तर ठीक, खरखर लागली तर बदला, तेल घालून एक रेस निघेल पण दुसरी नाही.

आता स्क्रू. मी रेस हरलोय त्या बहुतेक सेटअपमुळे नाही तर स्क्रूमुळे. एकदा तिसऱ्या लॅपला मोटर किंचाळतेय आणि गाडी जागेवर उभी, पिनियनचा (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गियरचा) ग्रब स्क्रू, म्हणजे त्याला शाफ्टवर धरणारा बारीक स्क्रू, सैल होऊन पिनियन शाफ्टवर नुसतं फिरत होतं, दोन रुपयांची गोष्ट आणि चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद), शाफ्टला सपाट भाग असेल तर स्क्रू बरोब्बर त्याच्यावर, आणि ॲलन की चांगली घ्या, स्वस्तातल्या कीने स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग ड्रिल घेऊन बसावं लागतं. थ्रेडलॉक फक्त लोखंड लोखंडात जातं तिथेच, प्लास्टिकला लागलं तर प्लास्टिक ठिसूळ होतं. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवायचा, टक्क करून जुन्या आट्यात बसतो, मग सुलटा आवळायचा आणि जोर लागायला लागला की थांबायचं. नाहीतर दर वेळी नवीन आटे पडतात आणि चौथ्यांदा भोक मोठं होऊन स्क्रू नुसताच फिरतो.

पिनियन हलवलंच तर गियर मेश, म्हणजे पिनियन आणि स्पर (त्याला लागणारा मोठा गियर) यांच्यातली फट, परत लावा. वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि स्परच्या मध्ये घालून मोटर दाबून आवळायची आणि मग स्पर फिरवून कागद बाहेर काढायचा, कागदाला नक्षी पडली पाहिजे पण फाटला नाही पाहिजे. एकाच जागी बघू नका, स्पर थोडा लंबगोल असतो, तीनचार ठिकाणी फिरवून बघा.

स्लिपर क्लच हा प्रकार नव्यांना कळतच नाही, कोणीतरी सांगतं घट्ट कर म्हणजे पिकअप येईल, आणि हे लोक चाकाचं नट असल्यासारखं आवळतात. स्लिपर मुद्दाम घसरण्यासाठीच आहे बाबांनो, उडी मारून गाडी खाली येते, तेव्हा तुम्ही थ्रॉटल धरून ठेवलेला असतो आणि हवेत जोरात फिरणारं चाक जमिनीला लागून एकदम अडकतं, तो झटका स्लिपरने खायचा, नाहीतर तो स्परचे दात खातो. स्प्रिंग पूर्ण दाबेपर्यंत नट आवळा आणि अर्धा ते पाऊण फेरा मागे घ्या, तिथून सुरुवात करा. मैदानावर जागेवरून फुल थ्रॉटल दिला की पहिल्या फूटदोन फुटात बारीक सूं असा आवाज यायला हवा. आवाज थांबतच नसेल तर अजून आवळा, आणि हात लावून बघू नका, स्लिपर चांगलाच तापतो.

शॉक. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. स्प्रिंग काढून दांडा आत ढकला आणि कानाशी धरा, चुळबुळ चुळबुळ आवाज आला की आत हवा आहे. टोपण उघडा, जुनं तेल काळं झालं असेल तर ओता, पुसा, दांड्यावर नखाने चरे चाचपा, चरा असेल तर तेल गळणारच, कितीही ओ-रिंगा बदला. नवीन सिलिकॉन तेल भरा, दांडा खालीवर हळू हळू करा, जोरात केलात तर फेस होतो, मग शॉक कपात उभा ठेवून चहा पिऊन या, बुडबुडे वर येऊन फुटतात. कंपनीकडून ३० वेट येतं (आकडा मोठा तेवढं तेल जाड), मी एप्रिल मे मध्ये मागे पुढे ३५ टाकतो कारण दुपारी मुरुम तापला की तेल पातळ पडतं आणि गाडी उडीनंतर चेंडूसारखी उसळते. शेवटी डावा उजवा दोन्ही एकत्र हातात धरून दाबा, एकाच वेगाने बाहेर आले पाहिजेत. एक लवकर एक उशिरा आला तर तुमची गाडी एका बाजूला का ओढते त्याचं उत्तर मिळालं.

शॉक लावले की उंची बघायची, आणि ती बॅटरी आत ठेवूनच, मागची चाकं हवेत धरून नाही. गाडी वीतभर उंचीवरून टेबलावर सोडा आणि मागून डोळा लावून बघा, मागचे ड्राइव्ह शाफ्ट साधारण जमिनीला समांतर दिसले पाहिजेत. पुढून थोडी खाली चालेल. कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल, वरून आत एक ते दोन डिग्री, चारही चाकांना, डावं उजवं सारखं. पुढची चाकं सरळ किंवा अगदी किंचित बाहेर. यापेक्षा जास्त सेटअपमध्ये पहिल्या वर्षी शिरू नका. आणि मैदानावर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, कारण तेल पण बदललं, स्प्रिंग पण बदलली, टायर पण बदलले आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते ब्रह्मदेव सांगेल.

टायर रिमपासून अंगठ्याने ओढून बघा, कुठे सुटलंय का, सुटलं असेल तर पुसून फेविक्विकचा पातळ थेंब आणि दोन मिनिटं दाबून धरा.

बॅटरीत मात्र घाई नको. लायपो (लिथियम पॉलिमर) टू-एस, म्हणजे दोन सेलची, फुल म्हणजे ८.४ व्होल्ट, आणि चार्ज वन-सी ने, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर. बॅलन्स पिन (सगळे सेल सारखे भरणारी) लावायचा कंटाळा करायचा नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, "थोडीशीच फुगलीय" असं काही नसतं. चार्जिंगला लावून झोपायचं नाही. उन्हात बंद कारमध्ये ठेवायची नाही. रेस संपल्यावर भरलेली राहिली तर घरी येऊन सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, पुढच्या महिन्यापर्यंत फुल ठेवलीत तर तीच फुगते. आणि साध्या ब्रश्ड मोटरच्या ईएससीवाल्यांनी (ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा डबा) त्याची बत्ती बघा, गाडी चालू केल्यावर हिरवी असेल तर लो व्होल्टेज कट (बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सोय) चालू आहे, लाल असेल तर बंद, आणि लायपो लावून लाल बत्तीवर पळवलीत तर बॅटरी खाली जाऊन मेलीच समजा.

रिमोट आधी चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी. फेलसेफ (रिमोटचा सिग्नल तुटला की गाडी थांबवणारी सोय) बघायला गाडी डब्यावर ठेवा, चाकं हवेत, थोडा थ्रॉटल द्या आणि रिमोट बंद करा, चाकं थांबली पाहिजेत. नाही थांबली तर मैदानावर आणूच नका, कडेला लहान मुलं उभी असतात.

बॉडीला तडा असेल तर आतून जाळीची पट्टी आणि रबरी गोंद. शॉर्ट कोर्सची बॉडी चाकांवरून खाली येते, म्हणून एकमेकांना घासून पळवता येतं, पण उडीत तीच बॉडी खालून हवा धरते आणि गाडी पॅराशूटसारखी नाक वर करून तरंगते. मागच्या बाजूला भोकं पाडलीत की बराच फरक पडतो, मी पाडलीत, दिसायला घाण दिसते. तरी नाक वर जातंय वाटलं तर हवेत ब्रेकचा एक टिचकीभर, नाक खाली येतं. नाक खाली चाललं तर थ्रॉटल.

सोबत पिशवीत: जास्तीचे बॉडी क्लिप (दहा घ्या, आठ हरवतात), पुढचा एक आर्म, एक स्पर, रिमोटचे सेल, टोपी, पाणी, आणि बंद बूट, कारण तुमची हीट संपली की पुढच्या हीटला उलटलेल्या गाड्या सरळ करायला मार्शल म्हणून तुम्हालाच उभं राहायचंय आणि चपलेवर अडीच किलोची गाडी आदळली की काय होतं ते मी दाखवू शकतो, नख अजून आलेलं नाही. हा, आणि चाकाच्या नटाचा ७ नंबरचा पाना. तो मी दर वेळी घरी विसरतो, कोणाकडे जास्तीचा असेल तर घेऊन या.