राऊटरची पॉवर फुल्ल करताय? या चुका टाळा

"रेंज येत न्हाई म्हणून पॉवर फुल्ल केली, तरी नेट चालंना." असा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो. भावा, चालणारच नाही.

मंगळवार पेठेत आमच्या मावशीचं घर जुनं. दगडी भिंती दोन फुटांच्या, राऊटर पुढच्या सोप्यात. मावसभावानं ट्रान्समिट पॉवर (राऊटर किती जोरानं सिग्नल फेकतो ती सेटिंग) 'हाय' केली आणि माडीवर मोबाईलला चारही काड्या आल्या. गडी खूश. रात्री व्हिडिओ कॉल लावला, तर पुण्यातल्या पोराचं मावशीला सगळं ऐकू येतंय, मावशीचं त्याला काहीच नाही. मावशी आपली, "आरं, ऐकतोयस न्हवं?" म्हणून ओरडून दमली.

त्या काड्या राऊटरचा आवाज मोबाईलपर्यंत किती पोचतो एवढंच दाखवतात. मोबाईलला उलट उत्तरही द्यावं लागतं, आणि त्याचा जोर तुम्ही राऊटरमध्ये काहीही केलं तरी वाढत नाही. सेटिंगमध्ये हा जोर डीबीएम या मापात असतो: 20 डीबीएम म्हणजे 100 मिलीवॅट, 23 म्हणजे 200. ऐकायला दुप्पट, पण मोकळ्या मैदानातसुद्धा दुप्पट अंतर गाठायला चौपट पॉवर लागते. इथं तर मधे दगड.

शेवटी मी परड्याकडच्या जिन्यानं लॅन केबल वर ओढली आणि पडून असलेला जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे खालचंच नेट वर वायफायनं द्यायला, लावला. त्याचं डीएचसीपी (मोबाईलला नेटवर्कचा पत्ता वाटायचं काम) बंद, कारण ते खालचा राऊटर करतोच. वायफायचं नाव-पासवर्ड खालचाच, चॅनल म्हणजे लहरींची पट्टी एकाला 1 आणि दुसऱ्याला 11, म्हणजे एकमेकांत घुसत नाहीत. दोन्हींची पॉवर 'मीडियम'. हाय ठेवली असती तर माडीवर गेलेला मोबाईल खालच्याच राऊटरला चिकटून बसला असता. केबल ओढायचा कंटाळा सगळ्यांना असतो, मलाही आहे. पण दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

राऊटर तिजोरीवर किंवा टीव्हीच्या मागं ठेवू नका. लोखंडापुढं पॉवरचं काही चालत नाही.

जास्त पॉवर मिळेल म्हणून सेटिंगमध्ये देश 'अमेरिका' करणारे महाभाग आहेत. बहुतेक राऊटरवर त्यानं 12 आणि 13 नंबरचे चॅनल तेवढे जातात.

पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, तिथं 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायला चॅनलची रुंदी 40 मेगाहर्ट्झ कशाला? शेजाऱ्यांच्या वायफायवर चढतं. 20 ठेवा.

आणि घाई! दहा मिनिटांत पाच सेटिंग बदलायची, मग काय बिघडलं कळेना म्हणून रीसेटच्या भोकात पिन खुपसायची. त्यात पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीकडं लॉगिन व्हायचं युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं, आणि रविवारी केबलवाला फोन उचलत नाही. मी हात लावायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढतो, एकच गोष्ट बदलतो आणि माडीवर जाऊन कॉल लावून बघतो.