अतिचंचल मूल आणि घरातील शिस्त

मूल अतिचंचल आहे म्हणून ते गुन्हेगारीकडे वळेल असे मानू नये. धोका प्रामुख्याने वाढतो तो चंचलतेला लहान वयातच मारामारी, चोरी, खोटेपणा यांची जोड मिळते तेव्हा. लक्षणे घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी किमान 6 महिने टिकल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी वर्णिलेले दुष्टचक्र आपल्या घरात आहे का, हेही पाहावे: पालक ओरडतात, मूल आकांडतांडव करते, थकलेले पालक (आणि ते थकलेलेच असतात) माघार घेतात आणि आरडाओरड्याने सुटका होते हे मूल शिकते. त्याऐवजी सूचना एकच, नेमकी द्यावी, पाळताच कौतुक करावे, शिक्षा सौम्य पण ठरल्याप्रमाणे करावी, मारू मात्र नये. किशोरवयात मुलाची संगत माहीत असावी.