पावसाळी सत्रासाठी शारीरिक शिक्षणाचा आराखडा : माझा अनुभव

आमच्या महाविद्यालयातील शारीरिक शिक्षणाच्या दोन श्रेयांकांच्या (क्रेडिट) विषयाचा जुना आराखडा कागदावर नेटका होता. पण जुलैत खो-खो आणि मैदानात चिखल, हे दरवर्षीचेच रडगाणे होते. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास, म्हणजे एकूण 60 तास बसवायचे असल्याने मी घटकांचा क्रम पावसाच्या हिशेबाने बदलला : आधी सभागृहात सूर्यनमस्कार आणि क्षमता चाचणी, मैदान वाळल्यावर खो-खो. खरी अडचण निराळीच होती. खो-खोत एका वेळी नऊ आक्रमक आणि तीन संरक्षक, असे बाराच जण मैदानात असतात. मोठ्या तुकडीतले बाकीचे नुसते बसून राहतात. म्हणून खांबावरून वळणे, खो देणे, हुलकावणी अशी सरावकेंद्रे, म्हणजे गटागटाने एकाच वेळी सराव करायच्या जागा, आराखड्यातच तासागणिक लिहिली. गुण पहिल्या व शेवटच्या चाचणीतील फरकावर ठेवल्याने कधीच न खेळलेली मुलेही नेमाने येऊ लागली.