कॅप्सूलला ठाऊक नसतं ती काय गोळा करते आहे

सूक्ष्मजीवशास्त्र शिकून पेटंट तपासणीत आलेल्यांची एक ठरलेली पंचाईत असते. अर्ज उघडला की आपल्याला आधी जीवाणू दिसतात, उपकरण मागाहून. माझं तेच झालं आणि त्याची बोच अजून गेलेली नाही. तुम्हीही या कामात नवे आहात असं धरून लिहिते. क्लेम (अर्जदार नेमका कशावर हक्क सांगतो ते वाक्य), प्रायर आर्ट (आधीपासून जगाला माहीत असलेलं), नॉव्हेल्टी (नवेपणा), इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकारालाही सहज न सुचणारी कल्पना) या शब्दांवर जास्त थांबत नाही. त्यांच्या सविस्तर व्याख्या कुठेही मिळतील. मला सांगायचंय ते एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे ‘साठी’.

अर्ज होता गिळायच्या कॅप्सूलचा. वर आम्लात टिकणारं कोटिंग, त्यामुळे जठरात ती बंद राहते. लहान आतड्यात पीएच 6च्या आसपास पोचला की कोटिंग विरघळतं, एक बारीक छिद्र उघडं पडतं आणि आतला शोषक पदार्थ तिथला द्रव ओढून घेतो. एक-दोन दिवसांनी कॅप्सूल शौचावाटे बाहेर पडते. ती धुवायची, उघडायची आणि आतल्या जीवाणूंचा डीएनए वाचायचा. पहिला क्लेम साधारण असा होता : ‘आतड्यातील सूक्ष्मजीवांचे नमुने गोळा करण्यासाठी गिळता येणारी कॅप्सूल, जिच्यात कवच, छिद्र, पीएचनुसार विरघळणारे आवरण आणि शोषक यांचा समावेश आहे.’

मी भारावून गेले. विष्ठेचा नमुना मुख्यतः मोठ्या आतड्याची खबर देतो, लहान आतड्याची फारशी देत नाही, हे शिकताना मनावर ठसलं होतं. इथे थेट जागेवरून नमुना आणणारी वस्तू समोर होती. तीन दिवस शोध घेतला. मायक्रोबायोम (शरीरात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा समुदाय), मायक्रोबायोटा, बॅक्टेरिया, सिक्वेन्सिंग (डीएनए वाचणं), या शब्दांची जमेल तशी जुळणी केली. हाती आलं ते जवळजवळ सगळं 2007 नंतरचं, म्हणजे ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट सुरू झाल्यानंतरचं. चारही घटक एकत्र कुठे दिसले नाहीत. मी नॉव्हेल्टी मान्य केली.

पुढे ऑपोझिशन, म्हणजे पेटंटला कायदेशीर हरकत, दाखल झालं आणि विरोधकाने एक जुना दस्तऐवज जोडला. आतड्यातला पाचकरस तपासायची कॅप्सूल. कवच, छिद्र, आवरण, आत शोषक बोळा. त्या सबंध मजकुरात जीवाणू हा शब्द एकदाही आलेला नव्हता. पहिला क्लेम तिथेच पडला. दुसऱ्या आकृतीतल्या त्या छिद्राकडे बघत मी किती वेळ बसले होते, मला आठवत नाही.

आता हे नीट समजून घ्या, कारण इथे चुकलात तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. उपकरणाच्या क्लेममध्ये ‘अमुक करण्यासाठी’ याचा अर्थ साधारणपणे ‘अमुक करायला योग्य’ एवढाच धरतात. हेतू कागदावर राहतो. तुलना होते ती वस्तूची वस्तूशी. युरोपीय पेटंट ऑफिसच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याचं सुरेख उदाहरण आहे. ‘वितळलेल्या पोलादासाठी साचा’ असा क्लेम असेल, तर बर्फाचे तुकडे करायचा प्लास्टिकचा ट्रे त्याच्या नॉव्हेल्टीच्या आड येत नाही, कारण पोलाद ओतताच तो वितळून जाईल. पण जी वस्तू पोलादाची उष्णता सहन करू शकते आणि जिचा आकारही जुळतो, ती कुणी कशासाठीही बनवलेली असो, आड येते. अमेरिकेत 1997 साली श्रायबरच्या प्रकरणात हेच घडलं. क्लेम होता पॉपकॉर्न बाहेर काढायच्या शंकूसारख्या झाकणाचा, आणि आडवं आलं तेलाच्या डब्याचं जुनं तोंड. पॉपकॉर्नचा तिथे उल्लेखही नव्हता, तरी क्लेम टिकला नाही.

हेच कॅप्सूलला लावून बघा. लहान आतड्यातला द्रव निर्जंतुक नसतो. तो शोषला म्हणजे जीवाणू आत आलेच, मग संशोधक त्यात एन्झाइम शोधत असो की आणखी काही. कॅप्सूलला ठाऊक नसतं ती काय गोळा करते आहे. जुन्या वस्तूपुढे एकच प्रश्न ठेवायचा : काहीही न बदलता हिच्याकडून नवं काम होईल का? जुन्या कॅप्सूलमध्ये जंतुनाशक भरलेलं असतं, तर ‘योग्य’ या शब्दावर वाद घालता आला असता. तसं काही नव्हतं. पद्धतीच्या क्लेमचं गणित वेगळं, तिथे हेतू आणि कृती दोन्हींना वजन असतं. हा फरक मला कुणी पहिल्याच महिन्यात हाताला धरून शिकवायला हवा होता.

म्हणून शोधाला बसताना क्लेममधून आजचे शब्द काढून टाका आणि जुन्या काळात या वस्तूला काय म्हणाले असते ते लिहा. मायक्रोबायोमच्या आधी ‘फ्लोरा’ होतं. नमुन्याऐवजी ‘अ‍ॅस्पिरेट’, ‘ज्यूस’, ‘कन्टेन्ट्स’, ‘सिक्रीशन’ होतं. 1957 साली क्रॉस्बी आणि कुग्लर यांची कॅप्सूल आली, ती नळीच्या टोकाला बांधून गिळायची. चोषणाने आतड्याचं अस्तर आत ओढलं जायचं आणि फिरतं पातं त्याचा तुकडा कापायचं. 1970मध्ये दोऱ्याची चाचणी आली : जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये दोरा, कॅप्सूल विरघळली की दोरा लहान आतड्यात उलगडतो, मग बाहेर ओढून त्यावरच्या द्रवात जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी शोधायचा. 2000 साली बिनतारी कॅमेऱ्याची कॅप्सूल जगासमोर आली. यातलं काहीही मायक्रोबायोम या शब्दाने सापडत नाही. पेटंटच्या वर्गीकरणातून शिरा : नमुना घेण्याच्या साधनांसाठी ए61बी 10/00, शरीरात सोडायच्या ट्रान्समीटरसाठी ए61बी 5/07. आणि औषध सोडणाऱ्या कॅप्सूल विसरू नका. आतड्यात विरघळणारं कोटिंग 19व्या शतकापासून गोळ्यांवर चढतंय. ‘पीएच ओळखून उघडते’ एवढ्याने कुणी इन्व्हेंटिव्ह स्टेप सांगू लागलं, तर तिथे थांबा.

एवढं वाचून हातपाय गाळू नका. अर्जात खरा शोध होता, फक्त पहिल्या क्लेममध्ये नव्हता. तो सातव्यात होता : शोषक फुगला की तोच आतून छिद्र बंद करतो. पहिल्या वाचनात मी ते किरकोळ समजून ओलांडलं होतं. आकडे मांडल्यावर डोळे उघडले. लहान आतड्याच्या सुरुवातीला एका मिलिलिटरमध्ये साधारण हजार ते दहा हजार जीवाणू असतात, मोठ्या आतड्यात 10 हजार कोटींच्या घरात. समजा कॅप्सूलने वरच्या भागात 0.4 मिलिलिटर द्रव घेतला. त्यात फार तर 4 हजार जीवाणू. पुढे मोठ्या आतड्यातून जाताना छिद्रातून एक मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही छोटा अंश, आत झिरपला तर 10 कोटी जीवाणू शिरले. मूळ नमुना त्यात बुडून गेला. शिवाय आत अडकलेले जीवाणू 37 अंशांच्या उबेत दीड-दोन दिवस वाढत राहतात, म्हणून त्यांना जिथल्या तिथे थोपवणाऱ्या रसायनाचा क्लेमही हलका समजू नये. पाचकरस तपासणाऱ्या जुन्या माणसाला या गळतीची एवढी धास्ती नव्हती, म्हणून त्याच्या कॅप्सूलला असं बूच नव्हतं. सातवा क्लेम ऑपोझिशनमधून सहीसलामत बाहेर आला. सूक्ष्मजीवशास्त्राचं शिक्षण इथे उपयोगी पडतं. शोधाचे शब्द ठरवताना ते बाजूला ठेवा, तांत्रिक परिणाम जोखताना पुढे आणा.

निदानाच्या क्लेमबद्दल थोडक्यात. ‘कॅप्सूल गिळवा, डीएनए वाचा, आजार ठरवा’ अशी पद्धत आली की निदानाच्या पद्धतींना पेटंट नाकारणारी कलमं, भारतात कलम 3(i) आणि युरोपात कलम 53(सी), उघडून बसायचं. युरोपात 2005च्या जी 1/04 या निर्णयानुसार निदानाच्या पद्धतीतल्या सगळ्या तांत्रिक पायऱ्या शरीरावरच होत असतील, तरच ती वगळली जाते. डीएनए प्रयोगशाळेत वाचला तर चित्र बदलतं. भारतात मात्र 3(i) कलमात ‘शरीरावर’ अशी अट लिहिलेली नाही. एका देशाचं उत्तर दुसऱ्या देशाला चिकटवू नका.

शॉर्टकटविषयी माझं मत ठाम आहे. आंतरराष्ट्रीय शोध अहवालात सगळे दस्तऐवज ‘ए’ वर्गात, म्हणजे नुसती पार्श्वभूमी म्हणून आले असतील, तर हायसं वाटून घेऊ नका. तो अहवाल लिहिणारी व्यक्तीही कदाचित तुमच्यासारखीच मायक्रोबायोम शोधत होती. अर्थावरून दस्तऐवज सुचवणारी साधनं मी रोज वापरते, पण पहिले दोन तास त्यांना हात लावत नाही. अर्जाचा मजकूर त्यांना दिला की ती अर्जदाराच्याच भाषेत विचार करायला लागतात. मार्गदर्शकांचंही तसंच. दस्तऐवजाचा नंबर हातावर ठेवणारे वरिष्ठ त्या दिवशी देवासारखे वाटतात आणि तुम्हाला वर्षभर पांगळं करतात. मला घडवलं ते माझ्यासमोरचा क्लेम वाचून नुसतं ‘हे झाकण आतून बंद होतं की बाहेरून?’ एवढंच विचारणाऱ्या बाईंनी. अशी माणसं शोधा, त्यांचा त्रास सोसा.

पहिल्या वर्षी असा एखादा दस्तऐवज तुमच्याही हातून निसटेल. लाज वाटेल, झोप उडेल. नोकरी जात नाही. ऑपोझिशनची सोय कायद्यात याचसाठी आहे की एका माणसाला जगातलं सगळं सापडत नाही.

आता नवा अर्ज आला की मी पहिल्या क्लेमची प्रिंट काढते आणि ‘साठी’पर्यंतचा भाग पट्टीने झाकते. गेल्या आठवड्यातल्या अर्जात झाकल्यावर उरलं ते एवढं : कवच, दाबून ठेवलेली स्प्रिंग, एकमार्गी झडप. शोध सुरू केला तो औषध बाहेर ढकलणाऱ्या कॅप्सूलपासून, झडप उलटी बसवली तर काय होईल हे बघत.