हनोई ते सायगॉन, जमिनीवरून, दोघांनी

व्हिएतनाममधला हनोई ते सायगॉन, म्हणजे हो ची मिन्ह सिटी, हा रेल्वेमार्ग १७२६ किलोमीटरचा. मीटर गेज, एकेरी, १९३६ साली पूर्ण झालेला, युद्धात तुटलेला आणि १९७६च्या अखेरीस पुन्हा जोडलेला. वेगवान गाडीलाही या अंतराला तीसहून जास्त तास लागतात. व्हिएतनाम लांबट आणि चिंचोळा देश असल्यामुळे पाहण्यासारखं बरंचसं याच रुळांच्या आसपास आहे. म्हणून रेल्वे हा कणा धरावा, जिथे रूळ जात नाहीत तिथे बसने जावं, आणि निघण्याआधीच कुणी काय सांभाळायचं ते दोघांनी ठरवून टाकावं. दोघांच्या प्रवासात बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: "मला वाटलं तू घेतलंस."

महिना निवडताना एक अडचण येते. देशाचे तीन भाग तीन वेगळ्या हवामानांचे आहेत. दक्षिणेत साधारण मे ते नोव्हेंबर पाऊस, म्हणजे आपल्या पावसाळ्याशी बराच जुळणारा. मध्य भागात, हुए, दा नांग, होई आन या पट्ट्यात, पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर व वादळं. २०२५च्या ऑक्टोबर अखेरीस हुए आणि होई आन दोन्ही शहरं पाण्याखाली होती. उत्तरेत डिसेंबर ते फेब्रुवारी चक्क थंडी. हनोईत १५ अंशांवर दिवसभर भुरभुर पडते आणि स्वस्त खोल्यांत हीटर नसतो. फेब्रुवारी संपताना निघून मार्चअखेर परतलं तर तिन्ही भाग बरे सापडतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मध्य भागासाठी दोन दिवस मोकळे ठेवावेत, कारण रुळांवर पाणी आलं की गाड्या थांबतात आणि बसही त्याच सखल भागातून जातात. तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, टाळावं. २०२७मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. आधीचा आणि नंतरचा आठवडा सगळा देश गावी जात-येत असतो, तिकीट मिळत नाही आणि छोटी हॉटेलं बंद असतात.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावर मिळतो: ९० दिवसांपर्यंत, एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५०. दोघांचे अर्ज वेगळे. मराठी माणसांचा घोळ इथे नावावरून होतो. पासपोर्टात मधलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, बहुधा पहिल्या नावाच्या रकान्यातच असतं. अर्जात ते गाळलं की व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत आणि विमानतळावरच अडवतात. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, तिथे नाव जसं आहे तसंच भरावं. दुसरी चूक तारखेची. विमान मध्यरात्रीआधी उतरत असेल आणि व्हिसा दुसऱ्या दिवसापासून मागितला असेल तर विमानात बसूच देत नाहीत. तारीख एक-दोन दिवस आधीची मागावी. अर्ज पाठवण्यापूर्वी तुमचा अर्ज सोबत्याने आणि त्याचा तुम्ही मोठ्याने वाचून तपासायचा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. विमान जाताना हनोईचं आणि येताना सायगॉनहून घ्यावं, म्हणजे तेच रूळ उलटे तुडवावे लागत नाहीत.

एकवीस रात्रींचा बेत

हनोईत तीन रात्री. मग ११५ किलोमीटरवर निन बिन्ह, दोन रात्री. भातशेतीतून उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर, नावेतून आणि सायकलवरून बघायचे. तिथून रात्रीची गाडी पकडून साधारण आठ तासांत डोंग होई, आणि तिथून रस्त्याने तासाभरात फोंग न्याच्या गुहा, दोन रात्री. पुढे हुए दोन, होई आन तीन, क्वी न्यॉन दोन, न्या चांग एक, दा लात दोन, सायगॉन दोन. गाडीतली एक धरून वीस होतात, एकविसावी राखीव. ती आधीच कुठे खर्च करू नका, ती तापासाठी, पुरासाठी किंवा आवडलेल्या गावासाठी आहे.

होई आनला स्टेशन नाही, दा नांगला उतरून ३० किलोमीटर रस्त्याने जायचं. क्वी न्यॉनसाठी दिएउ त्री हे स्टेशन, शहरापासून दहाएक किलोमीटर. दा लातलाही मुख्य मार्गाची गाडी जात नाही. न्या चांगहून घाटरस्त्याने बसने चार तास, आणि पावसाळ्यात त्या घाटात दरडी कोसळतात. दा लात ते सायगॉन ३०० किलोमीटर, सात ते आठ तास. आणि तिकीट काढताना "हो ची मिन्ह सिटी" शोधत बसू नका, रेल्वेच्या यादीत स्टेशनचं नाव आजही सायगॉनच आहे.

होई आनहून अर्ध्या दिवसात "मी सोन" हे ठिकाण पाहून होतं. चंपा या जुन्या राज्याच्या राजांची विटांची शिवमंदिरं, संस्कृत शिलालेख, मध्येच बॉम्बचे खड्डे. मराठी वाचकाने हे चुकवू नये. सकाळी लवकर जा, अकरानंतर त्या दरीत वारा नसतो.

गाडीतल्या बर्थ

दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक विषम, उत्तरेकडे जाणाऱ्यांचे सम. सॉफ्ट स्लीपरच्या एका खणात चार बर्थ, हार्ड स्लीपरच्या खणात सहा, दोन्हींना दार. आपल्यासारखी मधली बर्थ दिवसा खाली पाडता येत नाही, ती कायम तशीच असते. त्यामुळे सहाच्या खणात मधल्या आणि वरच्या माणसाला ताठ बसताच येत नाही. दिवसा ते खालच्याच्या बर्थवर येऊन टेकतात. दोघांनी चारच्या खणात एकाच बाजूची खालची आणि वरची बर्थ घ्यावी. दोन्ही खालच्या घेतल्या तर पैसे जास्त जातात आणि वरचे दोन अनोळखी प्रवासी तुमच्या दोन्ही बर्थवर बसतात. एकाच बाजूला असलात की खालची दिवसा दोघांची बैठक होते आणि सामान खालच्या बर्थखाली जातं. खाली झोपणाऱ्याने सॅकचा एक पट्टा बर्थच्या पायाला साखळीने अडकवावा.

तिकीट रेल्वेच्या संकेतस्थळावर किंवा खिडकीवर. भारतीय कार्ड कधीकधी चालत नाही. मग खिडकीवर दोघांचे पासपोर्ट आणि कागदावर लिहिलेली तारीख, गाडी, बर्थ असा चिठोरा पुढे करावा. तारीख आधी दिवस, मग महिना, आपल्यासारखीच.

डब्याच्या टोकाला गरम पाणी मिळतं. पण गाडीत शाकाहारी काही मिळेल हे धरून चालू नका, खाणं सोबत घ्या. मध्ये स्टेशनवर पाय मोकळे करायला एकाने उतरायचं तर पासपोर्ट, फोन आणि तिकिटाचा फोटो त्याच्या अंगावर हवा, बर्थवर नको. दुसऱ्याने डब्यातच थांबायचं. दोघांनी एकदम उतरायचं नाही.

या सगळ्या प्रवासातला सर्वात सुंदर तुकडा हुए ते दा नांग, १०३ किलोमीटर, अडीच ते तीन तास. हा दिवसाउजेडीच करा आणि डाव्या हाताची खिडकी घ्या. लांग कोची खाडी संपली की गाडी हाई वानच्या डोंगराला चिकटते, वेग सायकलइतका होतो, आणि झाडीतून थेट खाली फेसाळता समुद्र दिसतो. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन पुढे बोगद्यात शिरताना दिसतं. २०२४पासून या टप्प्यावर एक खास हेरिटेज गाडीही धावते. ती लांग कोला दहा मिनिटं थांबते.

बस आणि दुचाकी

स्लीपर बसमध्ये तीन रांगा आणि दोन मजले असतात. चढताना चप्पल काढून पिशवीत घालायची. पाय समोरच्याच्या पाठीखालच्या खोक्यात जातात. पावणेसहा फुटांपेक्षा उंच माणूस त्यात मावत नाही, रात्रभर गुडघे दुमडून पडतो. मार्गावर केबिनची बस असेल तर दोघांची केबिन मागावी, तिचे पैसे वसूल होतात. मागच्या चाकावरची जागा टाळा. रात्रीची बस पहाटे चारला पोचवते आणि खोली दुपारी दोनला मिळते, हा हिशेब कुणी करत नाही. वाचवलेलं खोलीभाडं दुसऱ्या दिवशीच्या झोपेत आणि चिडचिडीत जातं. आठ तासांच्या आतला बसप्रवास दिवसाच करावा.

दुचाकी भाड्याने घेऊन फिरायचा मोह सगळ्यांना होतो. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या जिनिव्हा कराराचा असतो आणि व्हिएतनाम १९६८च्या व्हिएन्ना कराराचा परवाना मानतं. दुकानदार विचारत नाही, गाडी लगेच देतो. पण अपघात झाला की तुम्ही विनापरवाना ठरता आणि प्रवास विमा हात वर करतो. दोघं एकाच गाडीवर असाल तर दोघांचाही खर्च अंगावर येतो. हाई वानचा घाट रस्त्याने बघायचाच असेल तर स्थानिक चालकामागे बसून, दोन चालक घेऊन बघावा. शहरात ग्रॅबची, म्हणजे ॲपवरून मागवायची, कार बरी. दोघांनी वेगवेगळ्या दुचाक्या मागवल्या की दोन्ही चालक वेगळ्या गल्ल्यांतून नेतात, म्हणून उतरायची जागा नकाशावर एकच खूण करून दोघांनी टाकावी.

हनोईत रस्ता ओलांडणं हे शिकायचं काम आहे. दुचाक्यांचा लोंढा थांबत नाही, तो तुमच्या दोन्ही बाजूंनी वाहतो. शेजारी शेजारी उभे राहा, वाहनं ज्या बाजूने येतात त्या बाजूला एक आणि त्याच्या आडोशाला दुसरा, आणि एकाच संथ चालीने निघा. चालकाला दोघं मिळून एकच आकृती दिसते आणि तो एकदाच वळसा घेतो. मध्येच थांबणं, पळणं, आणि सर्वात वाईट म्हणजे सोबत्याचा हात मागे ओढणं, यानेच धडक होते. बस आणि ट्रकला मात्र आधी जाऊ द्या, ते वळसा घेत नाहीत.

पैसे

२० हजार डाँगची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळसरच. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात पंचवीसपट पैसे हातातून सहज जातात. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. रोज सकाळी दोघांनी सारखी रक्कम एका छोट्या बटव्यात टाकायची आणि दिवसभराचं खाणं, तिकिटं, पाणी त्यातूनच. बटवा एक दिवस एकाकडे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे. "तू दिलेस, मी दिले" हा वाद याने मुळातच मिटतो. कार्डं वेगवेगळ्या बँकांची हवीत, आणि प्रत्येकाचं एक जादा कार्ड सोबत्याच्या सॅकमध्ये. पासपोर्टच्या फोटोप्रतीही तशाच अदलाबदल करून. एक सॅक गेली तरी दोघं अडकत नाहीत.

खाणं

शाकाहारी माणसाने "चाय" हा शब्द पाठ करावा. आपल्याला ऐकून चहा आठवतो, पण तिथे चाय म्हणजे बौद्ध धाटणीचं शाकाहारी. हनोईत चहाला "चा" म्हणतात. "आन चाय" म्हणजे शाकाहारी खाणं, "कोम चाय" म्हणजे शाकाहारी भात-भाजी. पाटीवर हा शब्द असेल तिथे निर्धास्त बसा. साध्या हॉटेलात "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, कारण भाजीही माशाच्या रसात, नुओक मामात, परतलेली असते आणि ती त्यांच्या लेखी भाजीच असते. "मांस, मासे, माशाचा रस, हाडांचं पाणी नको" हे व्हिएतनामी भाषेत लिहून दोघांच्या फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा. सूर चुकला की शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून बोलण्यापेक्षा दाखवणं बरं. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, पुष्कळ लोक चाय खातात आणि एरवी नसलेले ठेलेही लागतात. पंचांग जवळ असेल तर मोठी मुक्कामाची गावं त्या दिवसांवर आणा. एक जण मांसाहारी आणि एक शाकाहारी असाल तर दुपारचं जेवण चायच्या ठिकाणी आणि रात्रीचं बाजारात, असं आधीच ठरवा. भुकेल्या पोटी ठरवायला गेलात की भांडण होतं.

ऊन, ताप, कपडे

नळाचं पाणी पिऊ नका. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पूर्ण पाण्यातच विरघळवा. त्याच्या निम्म्या पाण्यात घातली तर मीठ जास्त होऊन उलट त्रास होतो. माणशी सहा पुड्या घ्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून मलम सकाळी लावायचं. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नाही, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोट दुखलं, उलट्या होत राहिल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर त्याच दिवशी दवाखाना. आजारी माणसाला हे स्वतः लक्षात येत नाही, सोबत्याने बघायचं असतं.

माणशी सॅक आठ-नऊ किलोंची. जाड टॉवेल दमट हवेत दोन दिवस वाळत नाही आणि कुबट होतो. सुती पंचा घ्या, पिळला की तासाभरात अंगाला लावण्याजोगा होतो. दोन पिनांचे आपले चार्जर तिथे चालतात, लॅपटॉपच्या तीन पिनांना मात्र अडॅप्टर लागतो. औषधं, दोरी, कुलूप, चार्जर या गोष्टी दोघांत एकच आणि कुणाकडे आहे ते लिहून ठेवलेलं.

गर्दीत चुकामूक झाली आणि फोन बंद पडला तर नियम एकच: दोघं शेवटचे एकत्र होतो तिथे परत जायचं आणि अर्धा तास थांबायचं, मग हॉटेलवर. शोधत दोघांनीही फिरायचं नाही. हॉटेलचं कार्ड दोघांच्याही खिशात हवं. आणि दर चार-पाच दिवसांनी एक अर्धा दिवस वेगळे फिरा, भेटायची वेळ ठरवून.

सायगॉनच्या शेवटच्या संध्याकाळी बटवा रिकामा करा. डाँग भारतात सहजासहजी बदलून मिळत नाहीत. विमानतळापर्यंतच्या गाडीभाड्यापुरते ठेवून बाकीचे तिथल्याच बँकेत किंवा अधिकृत काउंटरवर बदलून घ्या, आणि उरलेली चिल्लर दोघांत वाटून टाका.