जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा: ‘सबमिट’ दाबण्याआधी

जर्मनीत मास्टर्सला येऊ घातलेल्या मुलामुलींचे फोन मला दर उन्हाळ्यात येतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, “ऑनलाइनच तर आहे, त्यात काय एवढं?” काय ते सांगतो.

2025 पासून दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर करता येतो. फॉर्म भरायचा, कागद अपलोड करायचे. अधिकारी ते आधी तपासतात, आणि बोटांचे ठसे व मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष जायची वेळ त्यानंतर येते. म्हणजे तुम्ही समोर उभे राहण्याआधी तुमच्या फायली वाचून झालेल्या असतात. त्यातच 1 जुलै 2025 पासून आणखी एक दार बंद झालं. पूर्वी नकार आला तर फी न भरता फेरविचाराचा अर्ज करता यायचा. तो आता नाही. पुन्हा 75 युरो भरून नवा अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जा. त्यामुळे पहिलाच अर्ज चोख हवा.

चोख म्हणजे गठ्ठा जाड हवा असं नाही. सगळे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत, आणि आपलं घोडं बहुतेकदा नावापाशीच अडतं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं नि वडिलांचं नाव, ‘सरनेम’मध्ये आडनाव. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आईचं नाव वेगळ्या ओळीत. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण ‘पाटील स्नेहा प्रकाश’ वाचणाऱ्या परक्या माणसाला आडनाव ‘प्रकाश’ वाटलं तर त्याचा काय दोष? शिवाय ‘चौधरी’चं स्पेलिंग एका कागदावर ‘ओ’ने आणि दुसऱ्यावर ‘एयू’ने. म्हणून प्रवेशपत्र, एपीएस (पदवीच्या पडताळणीचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंट (तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), विमा या नव्याने निघणाऱ्या प्रत्येक कागदावर नाव पासपोर्टबरहुकूम घाला. जुन्या कागदांत फरक असेल तर तो कशामुळे आहे ते दोन ओळींत लिहा आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, गॅझेट केलं असेल तर तेही.

एपीएस म्हणजे आपल्या पदवीची जर्मन बाजूने झालेली पडताळणी. भारतीय विद्यार्थ्यांना ती नोव्हेंबर 2022 पासून सक्तीची आहे, फी 18,000 रुपये. प्रवेश मिळेपर्यंत वाट बघत बसू नका, आधीच उरकून टाका.

पैशांचं थोडं सविस्तर. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एका वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर 2024 पासूनचा. पोहोचल्यावर त्यातून महिन्याला 992 सुटतात. गंमत अशी की घरून नेमके तेवढेच पाठवले तर मधल्या बँका आपलं कमिशन कापतात आणि खात्यात रक्कम कमी पडते. थोडे जास्तच पाठवा आणि सगळे चार्जेस पाठवणाऱ्याने भरायचे असं बँकेत आधीच सांगा. पैसे बाबांच्या किंवा काकांच्या खात्यातून जाणार असतील तर नातं दाखवणारा कागद हाताशी ठेवा, बँकच विचारते.

मोटिव्हेशन लेटर कन्सल्टन्सीकडून लिहून घेण्याच्या मी साफ विरोधात आहे. मेकॅनिकल झालेला मुलगा डेटा सायन्सला का चाललाय, मधली दोन वर्षं काय करत होता, हाच कोर्स का, याची उत्तरं त्यालाच ठाऊक असतात. यूपीएससीचा अभ्यास केला असेल तर तसं लिहा, त्यात लाज कसली? फक्त तारखा सीव्हीतल्या, अनुभवपत्रातल्या आणि पत्रातल्या एकच असू द्या. कॉलेज ‘युरोपच्या मध्यभागी’ आहे वगैरे मजकूर अधिकाऱ्याने पुष्कळदा वाचलेला असणार.

फॉर्म दुसऱ्याने भरला तरी उत्तरं तुमची धरली जातात. आधी कुठल्या देशाचा व्हिसा नाकारला असेल आणि प्रश्न आला, तर सरळ सांगा. नकारापेक्षा लपवणं महागात पडतं, कारण खोटी माहिती हे पुढे जर्मनीतून हद्दपारीचंही कारण होऊ शकतं आणि तशी जाणीव अर्जातच करून दिलेली असते. मुक्कामाचा कालावधी विचारला की पूर्ण अभ्यासक्रमाचा लिहा. हातात पडणारा व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो, पुढे राहण्याचा परवाना तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून घ्यायचा.

स्कॅन मोबाइलच्या सावलीसकट नको. मार्कशीटची मागची बाजूही घ्या, फायलींना कळतील अशी नावं द्या आणि अर्जाची पीडीएफ जपून ठेवा.

व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट परत आला की स्टेटस टाकण्याआधी नाव, पासपोर्ट नंबर आणि ‘पासून-पर्यंत’च्या तारखा तपासा. विमानाचं तिकीट ‘पासून’च्या आधीचं असेल तर ते बदलायला अजून वेळ असतो.