बारीक केसांचे बँग्ज कसे बसवावेत आणि सांभाळावेत

माझे केस बारीक आहेत आणि गेली अकरा वर्षं मी बँग्ज, म्हणजे कपाळावर पुढे सोडलेले आखूड केस, ठेवते. बारीक म्हणजे विरळ नव्हे, एवढं आधी स्पष्ट करते, कारण निम्मे सल्ले इथेच चुकतात. डोक्यावर केस किती आहेत हा एक प्रश्न, आणि एकेक केस किती जाड आहे हा वेगळा. कंगव्यात आलेला एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवून बघा. हाताला काहीच लागलं नाही तर तो बारीक. शिवणाच्या दोऱ्यासारखा लागला तर जाड, आणि मग हा लेख तुमच्यासाठी नाही.

आई अजूनही माझ्या बँग्जना ‘साधना कट’च म्हणते. 1960 च्या ‘लव्ह इन सिमला’ या चित्रपटासाठी, अभिनेत्री साधनाचं रुंद कपाळ झाकावं म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिला हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नसारखे केस कापायला लावले आणि देशभरातल्या मुली तसे केस कापून घ्यायला लागल्या. ‘तेव्हा कुठे होते गं ड्रायर,’ असं आई म्हणते. खरं आहे, पण आईचे केस जाड आहेत. जाड केस स्वतःच्या वजनाने खाली बसतो. बारीक केसाला वजनच नसतं, तो जसा वाळेल तसा राहतो. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

कापून घेताना

बँग्जसाठी केस त्रिकोणात घेतात. त्रिकोणाचं टोक टाळूकडे आणि पाया कपाळावर. बारीक केसांसाठी हे टोक थोडं मागून घ्यायला सांगा, म्हणजे पुढे येणारे केस जास्त होतात. रुंदी मात्र भुवईच्या बाहेरच्या टोकापलीकडे जाऊ देऊ नका. त्यापुढे कानशिलावरचे केस मुळातच कमी असतात. तेही पुढे ओढले की बाजू रिकामी दिसते आणि ती भरून यायला वर्ष जातं.

थिनिंगची कात्री लावू देऊ नका आणि रेझरही नको. ‘फ्लिक्स हलके करते, छान उडतील,’ असं पार्लरमध्ये सांगतात. बारीक केस आधीच हलके असतात. त्यातून आणखी केस काढले की कपाळावर चार-दोन दोरे लोंबतात, मागून कातडी दिसते. कड सरळ आणि भरीव ठेवायला सांगा, फक्त शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये कात्री उभी धरून टोकं मोडून घ्या.

आणि केस कोरडे असताना कापा. ओला केस ताणला जातो, वाळला की आखडतो. एका पार्लरमध्ये माझे बँग्ज ओले करून, कंगव्याने ताणून, भुवईच्या बरोबर रेषेत कापले होते. घरी येईपर्यंत ते भुवईच्या दीड बोट वर गेले. पुढच्याच आठवड्यात भावाचा साखरपुडा होता, आणि त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत मी कपाळावर हात धरलेला आहे. तेव्हापासून मी पहिल्या खेपेला नाकाच्या मधल्या हाडापर्यंतच कापून घेते, घरी नेहमीसारखे धुऊन वाळवते, आणि मग हवे तेवढे कमी करायला परत जाते.

बाळंतपण झालं असेल तर थांबा. साधारण तीन महिन्यांनी गळती सुरू होते आणि ती कपाळाच्या रेषेवर सगळ्यात आधी दिसते. गळती थांबून नवे केस दोन-तीन बोटं वाढले की मग विचार करा.

धुणं

कपाळाची त्वचा तेलकट असते. ते तेल दिवसभर बँग्जमध्ये चढतं आणि बारीक केस लगेच चिप्प होतात. बाकीचे केस आठवड्यातून दोनदा धुतलेत तरी चालेल, बँग्ज मात्र एक दिवसाआड तरी धुवावे लागतात. त्यासाठी न्हायची गरज नाही. बाकीचे केस मागे बांधा, बेसिनवर वाका, शाम्पूचा एक थेंब दोन बोटांवर घेऊन मुळाशी चोळा आणि धुऊन टाका. दोन मिनिटांचं काम आहे. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर शेवटी एक तांब्या पिण्याचं पाणी ओता. जड पाण्यातले क्षार केसांवर बसले की ते राठ होतात, एकमेकांना चिकटतात.

कंडिशनर आणि सीरम बँग्जना लावू नका. थोडंसुद्धा नाही.

वाळवणं: सगळं इथे ठरतं

या पायरीवर मी चार वर्षं अडले होते. माझ्या कपाळाच्या उजव्या बाजूला, केस जिथे सुरू होतात तिथेच भोवरा आहे. कितीही चापून बसवले तरी तासाभरात बँग्ज मधोमध फाटायचे आणि उजवीकडचे केस पडदा सरकावल्यासारखे बाजूला जायचे. मी मूस आणलं, जेल आणलं, जाहिरातीतला गोल ब्रश आणला. दोष केसांचाच आहे असं मी धरून चालले होते.

एका रविवारी घाई नव्हती म्हणून न्हाऊन आल्यावर आरशासमोर उभी राहून दात घासत होते. डोक्याचा टॉवेल सोडलेला, बँग्ज ओले, कपाळाला सपाट चिकटलेले. बघता बघता भोवऱ्याजवळचा एक केस उचलला गेला, मग त्याच्या शेजारचा, मग पाच-सहा एकदम. चूळ भरेपर्यंत तिथे बोटभर फट पडली होती. ड्रायर अजून खणातच होता. मी रोज आधी मागचे केस वाळवायचे, ते व्हायला दहा मिनिटं लागायची, आणि सगळ्यात शेवटी बँग्जकडे यायचे. तोवर ते आपले आपण वाळून, फाटून मोकळे झालेले असायचे.

यामागचं कारण समजलं की हात आपोआप बरोबर चालतो. केस ओला झाला की त्याच्या आतल्या प्रथिनांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात. वाळताना ते पुन्हा जुळतात, आणि त्या क्षणी केस ज्या वळणात असेल त्याच वळणात जुळतात. बारीक केस सगळ्यात लवकर वाळतो. त्यामुळे टॉवेल सोडल्यापासून तुमच्या हातात जेमतेम चार मिनिटं असतात. त्या चार मिनिटांत बँग्ज वाळवा, मग चहा, मग डबा, मग बाकीचे केस. पोरं हाका मारत असली तरी थांबू दे त्यांना चार मिनिटं.

करायचं ते असं. गोल ब्रश बाजूला ठेवा. हातात सपाट ब्रश घ्या किंवा नुसती बोटं वापरा. ड्रायरला पुढचं चपटं तोंड लावा, उष्णता मध्यम आणि वारा कमी. ड्रायर डोक्याच्या वर, वीतभर अंतरावर धरा. वारा वरून खाली, कपाळाच्या दिशेने आला पाहिजे. खालून वर वारा मारला तर भोवरा जागा होतो आणि केस फुलतात, ते दिवसभर खाली येत नाहीत.

आता सगळे बँग्ज कपाळाला चिकटवून पूर्ण डावीकडे ओढा आणि मुळांवर वारा द्या, पाच-सहा सेकंद. लगेच सगळे पूर्ण उजवीकडे ओढा, पुन्हा पाच-सहा सेकंद. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. केस कपाळावरून उचलायचे नाहीत, सारवताना हात फिरतो तसे कपाळालगत इकडून तिकडे फिरवायचे. भोवऱ्याला एकाच बाजूला वळायची सवय असते. मूळ दोन्हीकडून सारखं वळवत वाळवलं की ती मोडते आणि केस सरळ खाली येतो. टोकांकडे बघू नका, लक्ष फक्त मुळांवर ठेवा. मुळाशी बोट लावून बघा. थंडगार लागलं तर अजून ओलं आहे.

मुळं वाळली की बँग्ज समोर आणा आणि ब्रशने सरळ खाली दोन वेळा ओढा, टोकाशी ब्रश किंचित आत वळवून. बस, एवढंच. गोल ब्रशवर मुळापर्यंत गुंडाळायला जे सांगतात ते जाड केसांच्या बायकांना सांगतात. बारीक केस तसे गुंडाळले की कपाळावर नळकांडं तयार होतं आणि ते उतरायला संध्याकाळ होते. वेल्क्रोच्या रोलरचंही तेच. लावायचाच असेल तर सगळ्यात जाड घ्या, फक्त टोकाकडच्या अर्ध्या भागाला लावा आणि दोन मिनिटांत काढा.

शेवटी ड्रायरचं गार वाऱ्याचं बटण दाबून दहा-पंधरा सेकंद वरून वारा द्या. मग पाच मिनिटं हात लावू नका. बँग्ज बसले की नाहीत हे चाचपून बघायचा मोह प्रत्येकीला होतो. बोटांचं तेल तेवढ्यातच लागतं.

उशीर झाला आणि बँग्ज फाटून वाळले, तर कोरड्या केसांवर कंगवा आपटत बसू नका. सुटलेले बंध कधीच जुळून गेलेले आहेत. मुळं पाण्याने ओली करा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. टोकं ओली करून उपयोग नाही, फाट मुळाशी असते.

स्ट्रेटनरबद्दल माझं मत पक्कं आहे: रोज नको. अडीअडचणीला वापरायचा तर केस पूर्ण कोरडे हवेत आणि तापमान 150 अंशांच्या आत. ओलसर केसावर गरम पट्टी दाबली की आतल्या पाण्याची वाफ होते, केसाच्या पोटात बुडबुडे पडतात आणि तिथूनच तो तुटतो. बँग्ज आखूड असतात, तुटलेले केस समोरच उभे राहतात. मागच्या केसांत लपतं तसं इथे काही लपत नाही.

दिवसभर

बँग्ज तेलकट होण्याची वाट न बघता सकाळीच मुळांशी ड्राय शाम्पू मारा. तेल आल्यावर मारला की त्याचा लगदा होतो. ड्राय शाम्पू महाग वाटत असेल तर किराणा दुकानातलं आरारूट घ्या. पावडरच्या ब्रशवर चिमूटभर घेऊन, ब्रश झटकून, बँग्ज उचलून खालच्या बाजूने मुळांना लावा. वरून लावलं तर काळ्या केसांवर पांढरं दिसतं.

जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात हवाच इतकी दमट असते की केस हवेतलं पाणी ओढून घेतात, बंध पुन्हा सुटतात आणि सकाळची मेहनत वाया जाते. मी या महिन्यांत लोकलमध्ये चढण्याआधीच बँग्ज भोवऱ्याच्या उलट बाजूला, म्हणजे डावीकडे, सपाट वळवून बिनदातांच्या चपट्या क्लिपने धरते. क्लिपखाली टिश्यूची घडी ठेवते, नाहीतर केसांवर वळ उठतो. ऑफिसात पोचल्यावर क्लिप काढते, ओल्या बोटांनी मुळं भिजवते आणि वॉशरूममधल्या हात वाळवायच्या यंत्राखाली वाकून डावीकडे-उजवीकडे करते. एका मिनिटात बसतात. हेल्मेटलाही हीच युक्ती चालते. बँग्ज सरळ खाली ठेवून हेल्मेट घातलं तर घामाने कपाळाला चिकटून पट्टी होते.

सनस्क्रीन लावताना बँग्ज वर धरा आणि ते जिरेपर्यंत खाली सोडू नका. टिकली सगळ्यात शेवटी, नाहीतर तिच्या गोंदाला केस चिकटतात. कपाळावर पुरळ यायला लागलं तर आधी उशीचा अभ्रा बदला आणि रात्री बँग्ज वर बांधून झोपा. बहुतेक वेळा तेवढ्याने कमी होतं.

तेल लावायचं सोडू नका, चंपी मलाही हवी असते. पण आधी बँग्ज वेगळे काढून पिन लावा आणि तेल टाळूपासून मागेच लावा. खोबरेल बँग्जना लागलं तर एका शाम्पूत निघत नाही, आणि दोन शाम्पूंनी केस कोरडे पडतात.

कापणं आणि वाढवणं

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. भुवईवरचे बँग्ज तीन-चार आठवड्यांत डोळ्यांत येतात. घरी कापताना केस कापायचीच कात्री घ्या, स्वयंपाकघरातली नको. केस धुऊन, नेहमीसारखे वाळवून मगच कापा. कंगव्याने ताणू नका, दोन बोटांत हलके धरा. कात्री उभी धरून एका वेळी दोन मिलिमीटर टोकं मोडा. मधून सुरुवात करा आणि बाजूंना थोडे लांब सोडा. प्रत्येक दोन-तीन कातरणीनंतर केस सोडून, डोकं सरळ करून आरशात बघा.

ठेवायचे नसतील तर नाकाच्या शेंड्यापर्यंत येईस्तोवर भोवरा ज्या बाजूला नेतो त्याच बाजूला वळवा. इतके दिवस ज्याच्याशी झगडलात तोच भोवरा आता ते केस डोळ्यांपासून दूर धरून ठेवतो. हनुवटीपर्यंत पोचायला आठ-दहा महिने लागतात. तोवर पिन जवळ ठेवा आणि मधल्या काळात कोणी ‘थोडे समान करून देते’ म्हणालं तरी कात्री लावू देऊ नका.